चंद्रघरातली उदबत्ती

मुकगोल, १९ नोव्हेंबर

नामगुंग सर,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तेव्हा कळवते की इथे हवा कोरडी आहे, पहिला बर्फ अजून पडलेला नाही आणि नळाला पाणी येतं आहे. पुढे येईल की नाही हे तुमच्या अहवालावर अवलंबून आहे, म्हणून सरळ त्याच विषयावर येते.

अहवाल मी वाचला. तुम्ही तो मला पाठवला नव्हता. नगरकचेरीत कॉफीच्या यंत्राशेजारी त्याचं शेवटचं पान डकवलं आहे, त्यामुळे कॉफी घ्यायला थांबलेला प्रत्येक जण ते वाचतो. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ झालं आहे. ‘स्थानिक सहभागी स्त्रीने अंधश्रद्धेपोटी बंदिस्त निवासात उदबत्ती व कागद जाळल्यामुळे चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली.’ त्याखाली तुमची सही आहे. वळणदार, घाई न करता केलेली.

चंद्रघरात आपण तीनच माणसं होतो. तुम्ही, मी आणि बुनी मावशी. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत, पोलादी दारामागे, माणूस चंद्रावर कसा राहील ते राहून दाखवायला गेलो होतो. तीच हवा गाळून पुन्हा श्वासात घ्यायची, तेच पाणी गाळून पुन्हा पेल्यात ओतायचं. उदबत्ती कोणी लावली हे तिघांनाही ठाऊक आहे. म्हणून समितीला लिहिण्याआधी तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते.

त्या संध्याकाळी तुम्ही मावशीला म्हणालात, ‘आज माझ्या वाटच्या मोडांच्या भाजीत तिखट नको, लसूणही नको.’ मावशीने तुमच्याकडे एकदा पाहिलं. बिनतिखटाचे, बिनलसणाचे पांढरे मोड आपल्याकडे एकाच पानात वाढतात आणि ते पान जिवंत माणसाचं नसतं. तिने भाताची वाटी शिगोशीग भरली, स्वच्छ पुसलेला चमचा वेगळा ठेवला आणि ताट तुमच्या पडद्यापाशी ठेवून ती मी होते तिथे, भाजीच्या वाफ्यांकडे निघून आली. मला म्हणाली, ‘तिकडे जाऊ नकोस थोडा वेळ.’

मी गेले, कारण वास आला. तुमची खोली पालथा नमस्कार घालण्याइतकी लांब नाही, सर. तुमचे पाय पडद्याबाहेर आले होते. प्रकल्पाचे निळे मोजे, एका टाचेला भोक. पाय दोनदा आत गेले आणि दोनदा बाहेर आले. मी तिथूनच मागे फिरले. बापापुढे वाकलेल्या माणसाकडे टक लावून बघू नये, एवढं खाणकामगाराच्या मुलीलाही कळतं. मग तुम्ही वडिलांच्या नावाचा कागद जाळलात, तोही हवा ओढणाऱ्या जाळीच्या बरोबर खाली. भोंगा वाजला, मुख्य दार आपोआप उघडलं आणि आपला चंद्र संपला. बाहेर राखणदार शेवयांचा वाडगा हातात धरून आपल्याकडे बघत होता.

गाडीत बसताना मी तुम्हाला विचारलं, ‘सर, हे सांगायचं कसं?’ तुम्ही म्हणालात, ‘दा-सोल, मी बघतो.’

तुम्ही बघितलंत.

गैरसमज नको. तुम्ही श्राद्ध केलंत याबद्दल माझी काही तक्रार नाही. घराण्यातले थोरले तुम्ही, तिथी चुकवणं तुम्हाला जमलं नाही. दारूला आत बंदी, म्हणून तुम्ही बापाला गाळलेलं पाणी वाहिलंत. ते पाणी आपल्या तिघांच्या मोरीतून फिरून आलेलं होतं, तुमच्या घराण्यात आजवर कोणा पूर्वजाला असा प्याला मिळाला नसेल. पण तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न. माझं म्हणणं फक्त त्या एका वाक्याबद्दल आहे.

त्याच पानावर पुढे लिहिलं आहे की अशा मनोवृत्तीचे लोक असलेल्या ठिकाणी पुढचा टप्पा घेऊ नये, प्रकल्प समुद्रकिनाऱ्याकडे हलवावा. प्रकल्प गेला की खाणीतले पंप थांबतील, कारण कोळसा संपल्यापासून ते तुमच्या चंद्रासाठीच चालू आहेत. मग खाण पाण्याने भरेल आणि ते गंजाच्या रंगाचं पाणी एक दिवस आमच्या ओढ्यात उतरेल. हे मी तुमच्याच वर्गात शिकले. गावाला हे शिकायला वर्गाची गरज पडली नाही. त्यांनी पान वाचलं आणि आता बुनी मावशी रस्त्याने आली की लोक दुकानातल्या मालाकडे बघायला लागतात.

समितीची सुनावणी १७ डिसेंबरला आहे. त्याआधी ते वाक्य दुरुस्त करा. एका ओळीचं काम आहे.

योम दा-सोल


मुकगोल, २८ नोव्हेंबर

सर,

तुमचं उत्तर नाही. कामात असाल. माणूसजात वाचवायची म्हणजे वेळ लागणारच.

आज आमच्या गल्लीत हिवाळ्याची किमची घातली. तुमच्या घरी हे काम कोण करतं मला माहीत नाही, पण इथे सगळ्या बायका एकीच्या अंगणात जमतात, सगळ्यांचा कोबी एकत्र मिठवतात आणि तिखट भरून घरोघरी वाटून घेतात. यंदा गो काकूंच्या अंगणात होतं. मी हातमोजे घालून बसले आणि इकडेतिकडे पाहिलं.

‘काकू, बुनी मावशीला सांगितलंत ना?’

‘तिला कशाला?’ गो काकू म्हणाल्या. ‘ती कोबीलासुद्धा उदबत्ती ओवाळील.’

बायका हसल्या.

‘त्यांनी नाही लावली ती.’

‘मग कोणी? तू लावलीस?’

‘नाही.’

‘म्हणजे त्या प्रोफेसरने? ऐका गं! एवढा शिकलेला माणूस, चंद्रावर जातो आणि उदबत्ती लावून बसतो!’ यावर तर एकीला इतकं हसू आलं की तिच्या हातातला कोबी परातीत पडला. ‘दा-सोल, तुझं मन मऊ आहे, पण थाप तरी पटेल अशी मार.’

तुमच्या शिक्षणाने तुमचं किती रक्षण केलंय बघा. मी तिथे ओरडून सांगितलं असतं तरी उपयोग झाला नसता. एवढी वर्षं शिकून मी काय मिळवलं, असा प्रश्न बाबा मला कधी विचारत नाहीत. आज मीच स्वतःला विचारला.

मी उठून मावशीकडे गेले. ती नळापाशी एकटी बसून स्वतःपुरता कोबी धूत होती.

‘तू जा तिकडे,’ ती म्हणाली. ‘तुझ्या वाट्याचं कोण भरेल?’

‘तुम्ही सांगत का नाही, मावशी?’

‘सांगितलं की. कचेरीत जाऊन सांगितलं, मी नाही लावली. तिथला साहेब म्हणाला, बरं आजी. “बरं आजी” म्हणजे काय, कळतं ना तुला?’

‘मग त्यांचं नाव का नाही घेतलं?’

‘पान मी वाढलं होतं ना. कोणाचा तरी बाप लांबून जेवायला आलेला, आणि मी बाहेर जाऊन चहाडी करू?’ तिने कोबी पिळला. ‘पण आग मी नाही लावली, पोरी. जेवणाने कोणी मरत नाही. आगीने मरतं.’

तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा लिहिते. ज्या बोगद्यात तुमचं चंद्रघर बांधलं आहे त्याच बोगद्याच्या तोंडाशी मावशीच्या नवऱ्याला आणून ठेवलं होतं. वायूचा भडका उडाला होता. नवरा असा गेला की कंपनी बायकोला कोळसा निवडायच्या पट्ट्यावर नोकरी द्यायची, ही इथली रीत. मावशी केस पांढरे होईपर्यंत त्या पट्ट्यावर उभी होती. खाणीत काडीपेटी नेलेल्या माणसाला इथे त्याचेच सोबती बाहेर ओढून चोपत, आणि बायका त्यांना थांबवत नसत. अशा गावातल्या अशा बाईला तुम्ही बोगद्यात काडी ओढणारी ठरवलंत. खोटं बोलायचं होतं तर निदान माहिती काढून बोलायचं. आम्हाला वर्गात तुम्ही एवढी तरी शिस्त लावली होती.

आणि गावाने ते मानलं. त्याचंही मला तितकंच वाईट वाटतं. त्यांना तिचा नवरा आठवतो, काडीपेटी आठवते, सगळं आठवतं. पण कचेरीतल्या कागदावर छापलेलं म्हणजे तेच खरं असणार.

योम दा-सोल


मुकगोल, ६ डिसेंबर

सर,

तुमचं पत्र आलं. मी ते वाचलं नाही, फक्त उघडून ठेवलं आहे.

पहिल्या पानावर तुम्ही लिहिता, ‘मोठं चित्र बघ.’ दुसऱ्यावर लिहिता की तांबं संपत चाललं आहे, गोडं पाणी संपत चाललं आहे, आपल्या हयातीत नाही तरी नातवंडांच्या हयातीत हिशोब चुकता होणार आहे, आणि अशा वेळी ‘एका वृद्धेच्या क्षणिक गैरसोयीमुळे’ प्रकल्पाच्या प्रमुखावरचा विश्वास ढळू देणं हा माणसाच्या भविष्याशी द्रोह ठरेल. दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की त्या दोन्ही पानांत बुनी मावशीचं नाव एकदाही नाही. स्वतःच्या बापाचंही नाही. तिसऱ्या पानावर देजॉनच्या प्रयोगशाळेतली जागा आहे, माझ्यासाठी, राहण्याच्या सोयीसकट. तिथे मात्र माझं नाव पूर्ण आणि सन्मानाने लिहिलं आहे.

बाबांनी विचारलं, ‘काय म्हणतोय तुझा चंद्रवाला?’

‘नोकरी देतोय.’

‘वर का खाली?’

‘देजॉनला.’

‘म्हणजे मध्येच कुठेतरी,’ बाबा म्हणाले आणि खोकत खोकत हसले. जागा चांगली आहे हे त्यांनाही कळतं. देजॉनमध्ये छातीचं मोठं इस्पितळ आहे, हेही त्यांना कळतं. पण त्यांनी ते उच्चारलं नाही आणि मीही नाही.

तुमचं पहिलं व्याख्यान मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही म्हणाला होतात, पृथ्वी ही भाड्याची खोली आहे आणि मालकाने नोटीस दिली आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही, कारण माझ्या गावाला ती नोटीस येऊन गेली होती. कोळसा संपला तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी मुलं एका हिवाळ्यात नाहीशी झाली, शाळेचा वरचा मजला बंद केला आणि चिनी जेवणवाल्याने पाटीसुद्धा न काढता गाव सोडलं. म्हणून मला वाटलं, हा माणूस जे बोलतो आहे ते माझ्याखेरीज इथे कोणालाच कळलेलं नाही. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तुमच्या मागे जिन्यापर्यंत आले होते. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही विचारलं होतं, ‘कुठली तू?’ आणि मी मुकगोल म्हटल्यावर म्हणाला होतात, ‘मग तू आधीच चंद्रावरची आहेस.’ ते वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून खाल्लं. असो.

मी ते सगळं अजूनही मानते. माणसाला एक दिवस इथून जावं लागेल, थोड्या हवेत आणि मोजक्या पाण्यात एकमेकांच्या अंगाला अंग लावून राहावं लागेल, आणि ते शिकायला आत्ताच बसलं पाहिजे. बुनी मावशी रात्री घोरायची, गाळलेल्या पाण्याला शिव्या द्यायची आणि वाफ्यातल्या हिरव्या मिरच्या उशीखाली लपवायची. तरी आपण तिघं राहत होतो. राहता येतं, हे सिद्ध होत होतं. मग पहिली चूक झाली आणि ती कोणाच्या माथी मारायची हे ठरवायला तुम्हाला एक गाडीप्रवास पुरला. खोलीत तीनच माणसं होती, सर, आणि त्यांतसुद्धा तुम्हाला खालचं एक माणूस सापडलं. असं तुम्ही वर किती जणांना नेणार आहात?

देजॉनचं उत्तर नाही असं आहे. हे मी शांतपणे लिहिते आहे.

दा-सोल


सेऊल, १६ डिसेंबर

सर,

उद्या सुनावणीत मी बोलणार आहे. उदबत्ती कोणी लावली, कोणासाठी लावली आणि कागद कुठे जाळला, सगळं. तुमच्याबद्दल काही सांगायचं तर ते तुम्हाला आधी कळवून सांगावं असं मला वाटतं. ही पद्धत तुमच्या परिचयाची नाही, म्हणून मुद्दाम समजावून लिहिते.

मावशीला मी विचारलं, येता का? ती म्हणाली, ‘मी येऊन काय करू? बरं आजी ऐकायला एवढ्या लांब कशाला?’ मग तिने मला उकडलेली अंडी बांधून दिली.

अजून एक रात्र आहे. तुम्ही स्वतः उठून बोललात तर मी एक शब्द बोलणार नाही.

दा-सोल


मुकगोल, २२ डिसेंबर

सर,

अभिनंदन.

मी नाटकं फारशी पाहिलेली नाहीत, त्यामुळे तुमचा अभिनय कोणत्या तोडीचा होता हे सांगायला मी पात्र नाही. मी बोलले, खाली बसले. अध्यक्षांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा काढलात. नाही म्हणाला असतात तर मी तुमचा आदर केला नसता, पण ते समजलं असतं. तुम्ही उठून म्हणालात, ‘मी घराण्याचा थोरला आहे. बाबांना जाऊन फार वर्षं झाली नाहीत. चंद्रावर असतो तरी मी त्यांना उपाशी ठेवू शकलो नसतो.’ आणि तुम्ही रडलात.

खरे अश्रू होते. तेच तर. मी अगदी जवळ बसले होते.

मग समितीतले ते टक्कल पडलेले गृहस्थ, ज्यांच्या पुढ्यातल्या अहवालात ‘ग्रामीण अंधश्रद्धा’ या शब्दांखाली दोन रेघा ओढलेल्या दिसत होत्या, त्यांनी स्वतःचा रुमाल काढला. त्यांच्याही वडिलांची तिथी परवाच होऊन गेली होती म्हणे. कोणीतरी टाळी वाजवली. सुनावणीत टाळी, सर! अध्यक्षांनी सांगितलं की नियमभंगाची नोंद होईल, परंतु त्यामागची भावना ‘आपल्या संस्कृतीचं भूषण’ आहे. जी उदबत्ती बुनी मावशीच्या हातात असेपर्यंत अंधश्रद्धा होती, ती तुमच्या हातात आल्याबरोबर भूषण झाली. तीच काडी, तोच धूर, तीच जाळी.

दुसऱ्या दिवशीचे पेपर तुम्ही कापून ठेवले असतीलच. ‘चंद्रावरही बापाला न विसरणारा पुत्र.’ एका कंपनीने विजेवर चालणारी बिनधुराची उदबत्ती तयार करायचं जाहीर केलं आहे, अंतराळातल्या श्राद्धांसाठी. मी हे विनोदाने लिहीत नाही, छापून आलं आहे.

आणि प्रकल्प मुकगोलमध्येच राहणार, पंप चालू राहणार. याचा मला आनंद झाला आहे. तो लपवावा असं वाटत होतं, पण लपवत नाही. आमच्या ओढ्याचं पाणी वाचलं ते मी खरं बोलल्यामुळे नाही, तुम्हाला वेळेवर रडू आल्यामुळे. हे गिळायला मला चार दिवस लागले, म्हणून पत्राला उशीर.

गावात शिरताना वाकड्या पुलापाशी कापडी फलक लागला आहे. ‘प्राध्यापक नामगुंग यांचे मुकगोलवासीयांतर्फे मनःपूर्वक आभार.’ मला विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा त्याच दोन खांबांवर माझ्या नावाचा फलक होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. आईने त्या फलकाखाली उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला केळी वाटली होती. तुमच्या फलकाचं कापड जास्त चांगलं आहे.

तरी मला वाटलं होतं, निदान मावशी सुटली. मी बसमधून उतरले ती थेट गो काकूंकडे गेले.

‘काकू, आता पटलं ना? प्रोफेसरनेच लावली होती.’

‘वाचलं गं पेपरात,’ गो काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘केवढं मोठं मन त्या माणसाचं! म्हातारीची चूक स्वतःच्या अंगावर घेतली.’



‘काकू, ते स्वतः म्हणाले की मी लावली.’

‘म्हणणारच. मोठी माणसं अशीच असतात. तिचं आणि आपल्या गावाचं नाव वाचवलं त्यांनी. नाहीतर तिने आपल्याला बुडवलंच होतं.’

सगळ्या गल्लीचं हेच मत आहे. नगरकचेरीत हेच बोलतात. किराणावालीने तर मावशीला तोंडावर सांगितलं, ‘आजी, त्या साहेबांचे पाय धरायला पाहिजेत तुम्ही.’

मी खरं बोलले आणि ते बोलणं तुमच्या पदकासारखं तुमच्याच छातीवर लागलं. तुम्हाला यात काही करावंही लागलं नाही. काही माणसं अशी असतात की त्यांच्या चुकासुद्धा त्यांची सेवा करतात. पूर्वी मी याला थोरपण समजत होते.

दा-सोल


मुकगोल, १८ जानेवारी

सर,

तुमचा निरोप मिळाला. दुसरा टप्पा पुढच्या महिन्यात सुरू होतो आहे, उद्घाटनाच्या दिवशी बुनी मावशीने तुमच्या शेजारी उभं राहावं अशी तुमची इच्छा आहे, फोटोसाठी. आणि मी तिचं मन वळवावं. त्या प्रकारानंतर स्थानिकांना आत न घेण्याचा जो नियम झाला तो मात्र तसाच आहे, हे निरोप आणणाऱ्याने विचारल्यावर सांगितलं.

मन वळवणं मला येत नाही, पण निरोप सांगणं येतं. मावशी चुलीपुढे बसून वाटाणे निवडत होती.

‘फोटो?’ ती म्हणाली. ‘त्याच्याबरोबर?’

‘हो. आत नाही घेणार तुम्हाला. फक्त फोटोत.’

‘कशाला हवी त्याला मी?’

‘लोकांना वाटतं त्यांनी तुम्हाला वाचवलं. वाचवलेलं माणूस शेजारी असलं की बरं दिसतं.’

तिने वाटाण्यातला खडा काढून बाजूला ठेवला. मला वाटलं ती चिडेल. मला तसं हवंही होतं. मी तुमच्याबद्दल बरंच काही बोलले, इथे लिहिता येणार नाही असंही. म्हणाले, ‘त्यांचं तोंड बघू नका मावशी. पेपरात सगळं छापून आलंय, ज्याला कळायचं त्याला कळेल.’

‘पेपरात तो चांगला मुलगा आहे असं आलंय,’ मावशी म्हणाली. ‘बुनीने लावली नाही असं कुठे आलंय? दाखव वाचून.’

माझ्याकडे सगळी कात्रणं होती. मी शोधलं. कुठेच आलेलं नाही. मी समितीपुढे तुमच्याबद्दल इतकं बोलले, पण ‘बुनी मावशीने लावली नाही’ हे सुटं वाक्य मीही बोलले नव्हते. मला वाटलं, त्यातच आलं.

‘येऊ दे त्याला,’ ती म्हणाली. ‘नवीन राहायला आलेला माणूस काय करतो? लाल दाणे लावलेल्या तांदळाच्या वड्या घेऊन घरोघर जातो, दारात वाकतो आणि सांगतो, मी अमुक, इथे राहायला आलो. हा तर आता दुसऱ्यांदा येतोय आणि एकदाही कोणाच्या दारात गेला नाही. तर म्हणावं, वड्या मी वाफवून देते. टोपली घ्यायची आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात उभं राहून सांगायचं. उदबत्ती मी लावली, बुनीने लावली नाही. रडायचं नाही. रडला की लोक बाकीचं ऐकत नाहीत. एवढं केलं की फोटो काय, पालखीत बसून मिरवीन त्याच्याबरोबर.’

‘आणि नाही आले तर?’

‘मग आला नाही,’ मावशी म्हणाली. ‘त्याच्या बापाला मी जेवायला घातलंय. त्यापुढचं त्याचं तो बघेल.’

हा तिचा निरोप. मी त्यात काही घातलेलं नाही आणि मला तो पटलेलाही नाही. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला या गल्लीत पाऊल टाकू दिलं नसतं. पण नाव तिचं आहे.

यायचं ठरलं तर एवढं ध्यानात ठेवा. बस खालच्या थांब्यावर सोडते. गल्ली चढणीची आहे आणि सावलीतला बर्फ गोठून काच झाला आहे, तेव्हा कडेने राख टाकलेली आहे तिथून चाला. प्रत्येक दारात बूट काढावे लागतील. पहिलं दार गो काकूंचं. त्या तुम्हाला वाक्य पूर्ण करू देणार नाहीत. हाताला धरून आत ओढतील, उबदार फरशीवर सगळ्यात चांगल्या जागी बसवतील आणि म्हणतील, ‘काय हो तुमचं मन, त्या म्हातारीसाठी एवढं केलंत!’ तेव्हा समोर कॉफी असेल, ताटात सोललेलं सफरचंद असेल आणि गप्प बसणं अगदी सोपं असेल. तिथे तुम्ही उठून उभं राहायचं आणि मावशीने सांगितलेलं ते वाक्य म्हणायचं. त्यांचा चेहरा पडेपर्यंत म्हणायचं.

मग बूट घालून पुढचं दार. टोपली मावशी देईल. मी बरोबर येणार नाही.

योम दा-सोल